मुलुंडच्या मिठागरातले औषध



 कोल्हापूरच्या या व्याख्यानात मी वेळ न घालवता थेट मुलुंडला जातो.

मुंबईच्या पूर्व अंगाला, ठाण्याच्या खाडीच्या कडेने मुलुंडची मिठागरे आहेत. मुलुंड पूर्वेत मिठागर रोड नावाचा रस्ता आजही आहे. त्या रस्त्यावर राहणाऱ्यांपैकी किती जणांनी मीठ पिकताना पाहिले असेल, शंकाच आहे. याच मुलुंडमध्ये हेक्स्ट या जर्मन औषध कंपनीचे मोठे संशोधन केंद्र होते. तिथले लोक ठिकठिकाणची माती आणत, तिच्यातले सूक्ष्मजीव वेगळे काढत आणि त्यांच्यापैकी कोणी रोगजंतूंना मारणारे काही बनवतो का, ते तपासत. मिठागरातल्या मातीतून त्यांच्या हाती बॅसिलस कुळातला एक जीवाणू लागला. त्याला धड नावही नव्हते, नुसता क्रमांक होता: एचआयएल वाय-८५,५४७२८. हा जीवाणू जो पदार्थ तयार करत होता, त्याचे नाव ठेवले मर्सासिडिन. १९९२ साली जपानच्या ‘जर्नल ऑफ अँटिबायोटिक्स’मध्ये त्यावर दोन शोधनिबंध लागोपाठ छापून आले. लेखकांमध्ये चटर्जी, गांगुली, लाड, फणसळकर अशी नावे आहेत आणि त्यांच्या शेजारी फेल्हाबर, कोगलर अशी जर्मन नावे.

या पदार्थात विशेष काय होते? रुग्णालयांत सर्जन ज्याला वचकून असतात, तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू. मेथिसिलिन हे औषध आले १९५९ साली आणि दोनच वर्षांत, १९६१ मध्ये, त्याला दाद न देणारे स्टॅफिलोकॉकस इंग्लंडमध्ये सापडले. अशा जंतूला एमआरएसए म्हणतात. त्याच्यावर हुकमी इलाज राहिला तो व्हँकोमायसिनचा. पुढे ऐंशीच्या दशकात आतड्यातल्या एंटेरोकॉकस जंतूंनी व्हँकोमायसिनलाही दाद देणे सोडले. मर्सासिडिन एमआरएसएवर चालत होते. पुढे असेही दिसले, की जंतूची पेशीभित्तिका ज्या घटकापासून बांधली जाते, त्या लिपिड-टू नावाच्या रेणूला ते पकडते. व्हँकोमायसिनही त्यालाच पकडते, पण दोघांची पकडण्याची जागा वेगळी. म्हणजे व्हँकोमायसिनची जागा बदलून निसटलेला जंतूही मर्सासिडिनच्या तावडीत सापडण्याची शक्यता होती. अवघ्या वीस अमिनो आम्लांचा हा रेणू, त्यात गंधकाच्या सांध्यांनी जोडलेली चार कडी. २००४ साली उंदरांच्या नाकातला एमआरएसए त्याने पुरता घालवल्याचे प्रयोगही प्रसिद्ध झाले.

आणि तरीही मर्सासिडिन आज औषधाच्या एकाही दुकानात मिळत नाही. आपल्या सीपीआर रुग्णालयात नाही, मुंबईत नाही, जर्मनीतही नाही. तीस वर्षे होऊन गेली. असे का व्हावे, हे सांगायला मी आज उभा आहे आणि त्यासाठी मला औषध ‘सापडणे’ आणि औषध ‘पिकणे’ यांतला फरक सांगितला पाहिजे. वर्तमानपत्रांत पहिल्याची बातमी होते. दुसऱ्यात माणसांची आयुष्ये जातात आणि त्याची बातमी होत नाही.

पेनिसिलिनचीच गोष्ट घ्या. फ्लेमिंगने १९२८ साली लंडनमध्ये बुरशी पाहिली, इथपर्यंत शाळेतल्या मुलालाही माहीत असते. पण १९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलिन टोचले तेव्हा काय झाले? ताप उतरला, माणूस जेवू लागला, आणि औषध संपले. त्याच्या लघवीतून बाहेर पडलेले पेनिसिलिन गाळून पुन्हा टोचले, तेही संपले. मार्चमध्ये तो दगावला. शोध लागून बारा वर्षे झाली होती आणि जगात एका रोग्यापुरतेही पेनिसिलिन नव्हते. फ्लेमिंगची बुरशी एका मिलिलिटरमागे जेमतेम २ युनिट देत होती. म्हणजे लिटरभर रसातून मिलिग्रॅमच्या आसपास.

मग अमेरिकेत पिओरिया गावच्या सरकारी शेती प्रयोगशाळेत, मक्याचा स्टार्च काढताना उरणाऱ्या पाण्यावर बुरशी वाढवून उतारा वाढला. १९४३ मध्ये तिथे एका नासक्या खरबुजावरची बुरशी मिळाली. तिच्यातून निवडलेला वाण २५० युनिटपर्यंत गेला. त्याच्यावर क्ष-किरण सोडले तेव्हा ५०० युनिटांचा वाण मिळाला. विस्कॉन्सिन विद्यापीठात त्याच्यावर अतिनील किरण सोडले, तेव्हा क्यू-१७६ हा वाण मिळाला आणि उतारा ९०० च्या पुढे गेला. क्यू-१७६ चे औषध पिवळे पडायचे, रंग काढता काढता नाकी नऊ यायचे. म्हणून रंग न सोडणारा आणखी एक वाण शोधला. पुढची कित्येक वर्षे हेच चालू राहिले आणि आज कारखान्यातले वाण लिटरमागे ५० ग्रॅम आणि त्याहून जास्त देतात. फ्लेमिंग, फ्लोरी, चेन यांना १९४५ चे नोबेल मिळाले, ते योग्यच झाले. पिओरिया आणि विस्कॉन्सिनच्या लोकांना काय मिळाले, ते विचारू नका.

कोल्हापूरच्या माणसाला हे वेगळे समजावायला नको. एके काळी आपल्या शिवारात को ७४० होता, मग को ८६०३२ आला. ऊस तोच, काळी माती तीच, पंचगंगेचे पाणी तेच. वाण बदलला की एकरी टनेज आणि साखरेचा उतारा बदलतो. आणि खोडव्यामागून खोडवा घेत राहिले की वाण उतरतो, नवे बेणे आणावे लागते. जीवाणूचेही अगदी असेच आहे. एका बशीतून दुसऱ्या बशीत, दुसरीतून तिसरीत असे त्याला नेत राहिले, की तो निबर होतो आणि एके दिवशी औषध बनवणेच सोडून देतो. म्हणून मूळ बेणे वाळवून, निर्वात कुपीत सीलबंद करून किंवा ग्लिसरॉलमध्ये उणे ७० अंशांवर जपून ठेवतात. किण्वनाच्या कारखान्यात माझी उमेदीची वर्षे गेली. तिथे तिजोरीपेक्षा या शीतकपाटाची किल्ली मोलाची असे.

वाण सुधारण्याची जुनी रीत ऐकायला अगदी रांगडी वाटेल. जीवाणूचे बीजाणू पाण्यात कालवायचे, अतिनील दिव्याखाली धरायचे आणि शंभरातले नव्याण्णव मरेपर्यंत धरायचे. जे वाचले त्यांच्या जनुकांत कुठे ना कुठे काहीतरी बिघडलेले असते. बहुतेकांचे नुकसानच झालेले असते. पण हजारांत एखाद्याचा बिघाड आपल्या पथ्यावर पडतो आणि तो जास्त औषध बनवू लागतो. त्याला ओळखायचे कसे? वाचलेल्या प्रत्येकाची वेगळी वसाहत वाढवायची, तिच्याखालच्या आगरची गोल चकती कापायची, रोगजंतू पेरलेल्या पेट्री बशीत ती ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जंतू न वाढल्यामुळे पडलेले स्वच्छ वर्तुळ मोजायचे. ज्याचे वर्तुळ मोठे त्याला शेकरवरच्या फ्लास्कमध्ये घालायचे. फ्लास्कमधल्या शंभरांतून पाच निवडायचे, पाचांतून एक. आणि त्या एकावर पुन्हा अतिनील दिवा. आमच्या त्या विभागात बहुतेक मुली होत्या. दिवसभर कॅलिपर हातात धरून वर्तुळे मोजायच्या आणि वहीत आकडे मांडायच्या. कंपनीचा नफा त्या वह्यांत होता, पण वार्षिक अहवालात कधी त्या मुलींचा फोटो आला नाही.

शिवाय फ्लास्कमध्ये पहिला आलेला वाण मोठ्या फर्मेंटरमध्ये पहिला येईलच असे नाही. पन्नास हजार लिटरच्या टाकीत हवा पुरत नाही, रस दाट होतो, फेस वर चढून गाळण्या ओल्या करतो. आणि जीवाणूला खाणारे विषाणू एकदा टाकीत शिरले की रात्रीत सगळा रस पाण्यासारखा पातळ होतो. स्ट्रेप्टोमायसिनचे पहिले अमेरिकी कारखाने याच विषाणूंनी हैराण झाले होते. तेव्हा उतारा वाढवणाऱ्यांना विषाणूंना न बधणारे वाणही शोधावे लागले.

महाराष्ट्राला ही विद्या नवी नाही, हे मला इथे मुद्दाम सांगायचे आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक राहिलेले साहिबसिंग सोखी यांनी देशाचा स्वतःचा प्रतिजैविकांचा कारखाना हवा, याचा आग्रह धरला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी उभी राहिली. १९५५ पासून पेनिसिलिन बनू लागले. आज पिंपरीला लोक मोटारींमुळे ओळखतात. पण मोटारींच्या आधी तिथे बुरशी होती. आणि तिथे नुसते बाहेरचे वाण आणून औषध काढले, असेही नाही. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्या मातीतून स्ट्रेप्टोमायसिस या जीवाणूची एक जाती काढली, तिचे नाव ठेवले स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. तिच्यापासून १९६१ च्या सुमारास हॅमायसिन हे बुरशीजन्य रोगांवरचे औषध मिळाले. पिकांवरच्या बुरशीसाठी ओरिओफंजिनही तिथलेच. एका गावाचे नाव जीवाणूला मिळावे आणि त्या जीवाणूचे औषध त्याच गावातल्या कारखान्यात बनावे, असे जगात फार ठिकाणी झालेले नाही. पुढे त्या कंपनीची काय दशा झाली, हे इथल्या ज्येष्ठ मंडळींना मी सांगायला नको. २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिची जादा जमीन विकून देणी भागवण्याचा निर्णय घेतला, एवढेच नोंदवतो.

आता एका मूलभूत प्रश्नाकडे येऊ. जीवाणू स्वतःहून जास्त औषध का बनवत नाही? कारण त्याला गरज नसते. मातीत त्याला शेजाऱ्यापुरते विष पुरते. शिवाय हे विष त्याचेही विष आहे. जो बनवतो त्याने आधी स्वतःला वाचवले पाहिजे. मुलुंडच्या बॅसिलसचा जनुकसंच बॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली वाचून काढला. १२.३ किलोबेसचा तो संच, त्यात दहा जनुके. एक मूळ साखळी बनवते, काही तिला घडवतात, एक तिला पेशीबाहेर काढते, आणि तीन जनुके मिळून स्वतःच्याच औषधापासून पेशीला वाचवणारा पंप बनवतात. उत्पादन कधी सुरू करायचे ते एक नियंत्रक जनुक ठरवते आणि बचाव कधी उभा करायचा ते दुसरे.

यातला बचाव हाच प्रतिकार. रुग्णालयांतल्या जंतूंकडे आज जी प्रतिकाराची जनुके दिसतात, त्यांपैकी कित्येकांचे मूळ मातीतल्या औषध बनवणाऱ्या जीवाणूंकडे आहे. कॅनडातल्या युकॉन भागात ३० हजार वर्षे गोठून राहिलेल्या मातीत बीटा-लॅक्टम औषधे, टेट्रासायक्लिन आणि व्हँकोमायसिन यांना दाद न देणारी जनुके सापडली, हे २०११ साली ‘नेचर’मध्ये आले. प्रतिकार माणसाने निर्माण केला, असे आपण सरसकट म्हणतो ते खरे नाही. तो होताच. माणसाने वाटेल तिथे औषधे फवारून त्याला मोकळे रान दिले.

आणि याच प्रतिकाराचा उपयोग वाण सुधारायला होतो, ही मला या विद्येतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. जपानमधल्या कोझो ओची आणि त्यांच्या गटाला १९९६ साली असे दिसले, की स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारा स्ट्रेप्टोमायसिस निवडला, तर तो पूर्वी न बनवलेले औषध बनवू लागतो. स्ट्रेप्टोमायसिन रायबोसोमला, म्हणजे पेशीत प्रथिने तयार होतात त्या यंत्रणेला अडवते. ज्याचा रायबोसोम जरा बदललेला तो वाचतो, आणि त्या बदललेल्या रायबोसोममुळे झोपलेली जनुके जागी होतात. अतिनील दिवा नको, जनुक कापणे नको. बशीत थोडे औषध टाका आणि कोण टिकतो ते पाहा. कॉलेजच्या प्रयोगशाळेतही करता येईल असे हे काम आहे.

झोपलेल्या जनुकांची संख्या थोडीथोडकी नाही. २००२ साली स्ट्रेप्टोमायसिस सेलिकलरचा संपूर्ण जीनोम वाचला गेला. चाळीस-पन्नास वर्षे जगभर अभ्यासलेला हा जीवाणू. त्याची मोजकीच औषधे ठाऊक होती. जीनोममध्ये अशी द्रव्ये बनवणारे वीसहून अधिक संच निघाले.

आता आपल्या ओळखीच्या गोळीकडे येतो. या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी ‘६२५ची गोळी’ घेतली असेल. तिच्यात ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन असते आणि उरलेले १२५ मिलिग्रॅम क्लॅव्हुलॅनिक आम्ल. अमॉक्सिसिलिनचे काम सगळ्यांना माहीत असते. दुसऱ्याचे काम फार जणांना माहीत नसते. जंतू बीटा-लॅक्टमेज नावाचे विकर सोडतो आणि ते अमॉक्सिसिलिनला फोडून टाकते. क्लॅव्हुलॅनिक आम्ल जंतूला जवळजवळ मारतच नाही. ते त्या विकराच्या तोंडी स्वतः जाते, अर्धवट फुटते आणि तिथेच चिकटून बसते. विकर निकामी होते, अमॉक्सिसिलिन वाचते. प्रतिकारालाच मोडून काढणारे हे द्रव्य स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्हुलिजेरस नावाचा जीवाणू बनवतो. इंग्लंडच्या बीचम कंपनीला ते सत्तरच्या दशकात सापडले आणि १९८१ मध्ये ऑग्मेंटिन बाजारात आले.

हा जीवाणू कारखानदाराला छळतो. एक तर क्लॅव्हुलॅनिक आम्ल पाण्यात टिकत नाही. बनत असतानाच विघटित होऊ लागते. दुसरे म्हणजे हाच जीवाणू त्याच वेळी सेफामायसिन-सी नावाचे दुसरे औषधही बनवतो आणि त्यात ताकद घालवतो. तिसरे, या आम्लाला कच्चा माल लागतो तो अर्जिनिन आणि तीन कार्बनांचा एक साखरेचा तुकडा. आणि तो तुकडा जीवाणू आपल्या रोजच्या पोटापाण्यासाठी जाळून टाकतो. २००६ साली अमेरिकेत ली आणि टाउनसेंड यांनी काय केले? तो तुकडा जाळण्याच्या वाटेवरचे एक जनुक, गॅप-वन, काढून टाकले. कच्चा माल उरला, आणि क्लॅव्हुलॅनिक आम्लाचे उत्पादन दुप्पट झाले. दिव्याखाली धरून हजारो वसाहती मोजण्याऐवजी इथे आधी विचार केला, मग कापले. मी जुन्या रीतीचा माणूस. पहिल्यांदा तो निबंध वाचला तेव्हा मला हेवा वाटला. पण हेही खरे, की नियोजन करून बनवलेला वाण आणि आंधळेपणाने निवडलेला वाण यांची शर्यत मोठ्या टाकीत लावली, तर आंधळा कित्येकदा पुढे जातो. जीवाणूला स्वतःबद्दल जे माहीत असते ते सगळे अजून आपल्याला माहीत नाही.

वाण सुधारणे म्हणजे फक्त उतारा वाढवणे नव्हे. रेणूच बदलता येतो. क्षयरोगाचे मुख्य औषध रिफॅम्पिसिन हे रिफामायसिनपासून बनते आणि रिफामायसिन बनवतो अमायकोलॅटॉप्सिस हा जीवाणू. दिल्ली विद्यापीठातले रूप लाल आणि अमेरिकेतले तैफो महमूद यांच्या गटांनी त्या जीवाणूच्या जनुकात एक तुकडा दुसऱ्या जीवाणूचा बसवला. तो एक मिथिल गट कमी असलेले रिफामायसिन बनवू लागला आणि त्यापासून तयार केलेले औषध रिफॅम्पिसिनला दाद न देणाऱ्या क्षयाच्या काही जंतूंवर चालले. हे २०१४ साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षे आधी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी जवळजवळ कुठल्याच औषधाला दाद न देणारे क्षयरुग्ण नोंदवले होते, ते आठवले म्हणजे एका मिथिल गटाची किंमत कळते.

हिंदुजाचेच आणखी एक काम सांगतो. २००९ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये तिथे कार्बापेनेम गटातल्या प्रतिजैविकांना दाद न देणारे २४ जंतू मिळाले. त्यांतल्या २२ जणांकडे एनडीएम-१ हे विकर होते. या विकरापुढे क्लॅव्हुलॅनिक आम्लाचे काही चालत नाही, कारण हे विकर जस्ताच्या जोरावर काम करते आणि त्याची फोडण्याची तऱ्हाच वेगळी. त्याच्यावर कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाला २०१४ साली ॲस्परगिलोमॅरॅस्मिन-ए हा बुरशीचा रेणू सापडला. तो एनडीएममधले जस्तच काढून घेतो. इकडे छत्रपती संभाजीनगरात संशोधन केंद्र असलेल्या वोखार्ट कंपनीने निराळी वाट धरली आहे: त्यांचा झिडेबॅक्टम हा रेणू जंतूच्या भिंत बांधणाऱ्या प्रथिनालाच धरतो आणि जोडीच्या सेफेपिम या प्रतिजैविकाला वाट करून देतो. हा रासायनिक रेणू, जीवाणूने बनवलेला नव्हे. पण मराठवाड्यात हे काम चालते, हे कोल्हापुरात माहीत असावे.

मर्सासिडिनचे पुढे काय झाले? नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हेक्स्टचे मुलुंडचे केंद्र पिरामल समूहाने घेतले. मर्सासिडिनचा अभ्यास मात्र परदेशातच चालला. बॉनमध्ये जनुके वाचली गेली. नंतर तो संच दुसऱ्या, हाताळायला सोप्या बॅसिलसमध्येही बसवला. इंग्लंडच्या नोव्हॅक्टा कंपनीने रेणूतले एकेक अमिनो आम्ल बदलत ८० हून अधिक रूपे जीवाणूकडून बनवून घेतली. त्यांतली काही मूळ रेणूपेक्षा जास्त जालीम ठरली. २०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी ते ई. कोलायकडून बनवून घेतले आणि साखळीचा नको असलेला पुढचा भाग नक्की कोण कापतो, हेही दाखवले. एकूण काय, माती मुलुंडची, हात इथल्या माणसांचे, आणि पुढचा सगळा अभ्यास बॉन, इंग्लंड, ग्रोनिंगेन.

इथे ‘आमची माती पळवली’ असे ओरडायचा मोह होतो. इंदूरजवळच्या निमोडी गावच्या मातीतून इटलीच्या लेपेटिट कंपनीने टायकोप्लॅनिन काढले, १९७८ साली जाहीर केले आणि आज ते एमआरएसएवर व्हँकोमायसिनच्या जोडीने वापरले जाते. होळकरांच्या मुलखातली माती, पैसे मिलानला. २००२ चा जैवविविधता कायदा असता तर त्यांना परवानगी घ्यावी लागली असती आणि लाभातला वाटा द्यावा लागला असता. तो कायदा मला पटतो. पण मातीबद्दलच्या या भावुकतेत मला फारसा दम दिसत नाही. माती सगळीकडे आहे. निमोडीची माती लाखो वर्षे तिथेच होती आणि तिथल्या कोणाच्या फोडावर तिचा लेप लागू पडला नव्हता. त्या चिमूटभर मातीमागे वाण सांभाळणारी, सुधारणारी, टाकीत वाढवणारी जी माणसे उभी राहिली, त्यांना किंमत असते. मुलुंडच्या मिठागरांतली जमीन आता धारावीच्या पुनर्वसनासाठी दिली जाते आहे. हळहळ वाटते ती खारफुटीची आणि पाखरांची. मर्सासिडिनसाठी हळहळायचे, तर ते शीतकपाटात कधीच सुरक्षित आहे.

वाण सांभाळणारी, सुधारणारी ती माणसे आपण तयार करतो का? गावोगावच्या कॉलेजांत एम. एस्सी.ची मुले पन्हाळ्याची माती, रंकाळ्याचा गाळ आणतात, दोन-तीन बरे स्ट्रेप्टोमायसिस काढतात, वर्तुळे मोजतात, प्रबंध बांधून घेतात आणि जूनमध्ये नव्या बॅचला जागा हवी म्हणून सगळ्या बशा ऑटोक्लेव्हमध्ये जातात. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे आणि तिथून जवळच राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे. कोल्हापूरहून एसटीने पाच-सहा तास. तिथे वाण जमा करता येतो. कोणी करत नाही, कारण त्याला गुण नाहीत. विद्यापीठांचे अनुदान तीन वर्षांचे असते आणि वाण सुधारायला दहा लागतात. तीन वर्षांत निबंध होतो. दहा वर्षांत वाण होतो. मला निबंधाबद्दल आकस नाही, पण जंतूने अजून एकही निबंध वाचलेला नाही.

आणि वाण झाला तरी पैशाचे काय? अमेरिकेच्या अकेओजेन कंपनीचे प्लाझोमायसिन हे औषध घ्या. त्याचा कच्चा माल सिसोमायसिन, तो मायक्रोमोनोस्पोरा जीवाणूकडून मिळतो. औषध चांगले, जून २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. एप्रिल २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोर. कारण नवे प्रतिजैविक डॉक्टर कपाटात ठेवतात, अगदी शेवटच्या रुग्णासाठी. तसेच ठेवले पाहिजे, नाहीतर दोन वर्षांत तेही निकामी. रोज खाल्ली जाणारी रक्तदाबाची गोळी कंपनीला पोसते, कपाटात ठेवलेले औषध पोसत नाही. त्या औषधाचे हक्क नंतर मुंबईच्या सिप्लाने विकत घेतले. म्हणून माझे मत असे, की हे काम बाजारावर सोडून भागणार नाही. पाटबंधारे जसे सरकारने बांधले, पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र जसे सरकारने चालवले, तसे हेही चालवावे लागेल. २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे थेट १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज ‘लॅन्सेट’ने छापला आहे. सरकारला एवढे कारण पुरावे.

व्याख्यानाआधी इथल्या दोन विद्यार्थिनींनी मला विचारले, की या विषयात नोकरी आहे का. त्यांना मोघम उत्तर दिले, ते आता नीट देतो. चिनी स्वस्त मालामुळे आपल्याकडचे पेनिसिलिन-जीचे कारखाने बंद पडले आणि जवळजवळ तीस वर्षे हा कच्चा माल बाहेरून येत राहिला. २०२४ मध्ये आंध्रात काकीनाड्याला अरबिंदोने तो पुन्हा बनवायला घेतला, सरकारी प्रोत्साहन योजनेतून. तिथे वाण सांभाळणारी, फ्लास्कमधला उतारा मोठ्या टाकीत टिकवणारी माणसे लागतात, आणि तीस वर्षांच्या खंडामुळे तशी माणसे देशात फार थोडी उरली आहेत. पिंपरीत जे शिकले होते ते निवृत्त झाले. माझ्या ओळखीतले दोघे-तिघे अजून फोन उचलतात आणि शिकवायलाही तयार आहेत. ज्यांना नंबर हवे असतील त्यांनी नंतर भेटावे.